चुकलं तर कोणाच्या दारात?

आमचे राज्यशास्त्राचे सर सायकल चालवताना हेल्मेट घालायचे. वणीत कोळशाच्या ट्रकांमधून मोटरसायकलवाले उघड्या डोक्याने वाट काढतात. तिथे हा पांढऱ्या मिशांचा माणूस साध्या सायकलवर लाल हेल्मेट घालून, पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधून, मोकळ्या चौकातही हात दाखवून वळायचा. पोरं मागून ओरडायची, "सर, सायकलले लायसन काढलं का?" सर ब्रेक लावायचे, एक पाय जमिनीवर टेकवायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "लागत नाही बाबू. नियम पाह्यला मी." मग पुढे जायचे.

चेष्टा करणाऱ्यालाही खरं उत्तर देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यांच्याबद्दल लिहावं असं पुष्कळ दिवस मनात होतं, पण आपल्याला जमेल का, याची भीती वाटायची. अजूनही वाटते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा कोळशाचा ट्रक चालवतात, आई शेतात राबते, दादा दहावीनंतर शेतीला लागला. लिहिणं म्हणजे परीक्षेत लिहिणं, एवढंच आम्हाला ठाऊक. तरी सरांनी आम्हाला जे शिकवलं ते परीक्षेत कधीच आलं नाही, म्हणून ते इथे तरी यावं असं वाटतं.

वर्गात सर आमच्याच बोलीत बोलायचे. पहिल्या दिवशी मला ते खोटं वाटलं. वाटलं, खेड्यातल्या पोरांना बरं वाटावं म्हणून करत असतील. नंतर कळलं की प्राचार्यांशी, तहसीलदारांशी आणि स्वतःच्या मोबाइलशीही ते तसेच बोलतात. मोबाइल त्यांच्याकडे नेहमी आम्हा पोरांपेक्षा नवा असायचा. त्यातल्या बोलणाऱ्या बाईला ते विचारायचे, "बाई, आज पानी येईन का?" बाई म्हणायची, मला समजलं नाही. सर तिला समजावायचे, "तुह्या शाळेत आमची भाषा शिकवली नाही, तुही चूक नाही." आणि पुन्हा सावकाश विचारायचे. तोवर पाऊस येऊनही जायचा.

त्यांचा एक आवडता प्रकार होता. कुठल्यातरी शासन निर्णयातलं एक वाक्य फळ्यावर लिहायचं आणि एखाद्याला उभं करायचं. "हे वाक्य घरी ने." म्हणजे, घरी आईला हे कसं सांगशील ते सांग.

मी वर्गात बोलत नसे. मागच्या बाकावर भिंतीकडे सरकून बसायचे. एक दिवस फळ्यावर होतं: "सदर योजनेंतर्गत उक्त लाभ अनुज्ञेय राहणार नाही." सरांनी खडू माझ्याकडे रोखला. मी उभी राहिले. कशीबशी म्हणाले, "आई, आपल्याले नाही भेटत."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बरोबर. पण थोडं सांडलं रस्त्यात. 'सदर' म्हणजे हीच योजना. दुसरी भेटू शकते. हे नाही सांगतलं तर तुही माय दुसरीसाठी जाईनच नाही. आता पुन्हा ने."

मी पुन्हा म्हणाले, "आई, ह्या योजनेत नाही भेटत. दुसरीचं विचारू."

"हां," सर म्हणाले. "आता पोचलं."

वाक्य न सांडता घरी न्यायचं, याचं त्या वर्षभरात मला वेडच लागलं. बसमधल्या सूचना, बँकेतल्या पाट्या, खताच्या पोत्यावरचा मजकूर, सगळं मी मनातल्या मनात आईला सांगत सुटायचे.

सरांचा दुसरा प्रकार सगळ्या कॉलेजला माहीत होता. नवी कुठलीही वस्तू आली की ते विचारायचे, "चुकलं तर कोणाच्या दारात जाचं?" ते यंत्रांचे वैरी होते असं मात्र कुणी समजू नये. नवं यंत्र दिसलं की लहान पोरासारखे भोवती फिरायचे. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एकदा मला चहा देताना सांगत होत्या, "आमच्या घरी मायक्रोवेव्ह आला तं त्याचीबी सुनावणी झाली. माह्या सासूबाईले खुर्चीवर बसवलं अन् म्हणे, आई, तुमची हरकत नोंदवा. सासूबाई म्हणाल्या, हरकत काही नाही, पण याच्यात भाकर फुगन का? फुगत नाही म्हटल्यावर त्या उठूनच गेल्या. मंग ह्याईनं निकाल देल्ला, वस्तू ठेवा, पण तवा काढू नका." सर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "आईची हरकत रास्त होती."

कॉलेजात चेहरा पाहून हजेरी लावणारं यंत्र आलं, त्या वेळची गोष्ट मी अजून सगळ्यांना सांगते. दाराशी भिंतीवर यंत्र लावलं होतं. समोर उभं राहिलं की हिरवा दिवा लागायचा. माझी एक मैत्रीण कापूस वेचणीचे बरेच दिवस शेतात काढून परत आली होती. चेहरा रापलेला, गाल बसलेले. तिच्यासाठी लाल दिवा लागला. ओळख पटली नाही. पुन्हा उभी राहिली, पुन्हा लाल. मागे रांग लागली. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, त्यामुळे ती रडकुंडीला आली होती.

सर तिथून चालले होते. थांबले. "हे यंत्र म्हणते, तू तू नाहीस. तुह्यं काय म्हणणं आहे?"

"सर, मी मीच आहो."

"पुरावा?"

"आई सांगन माही," ती म्हणाली, आणि रांगेतल्यांना हसू फुटलं.

सरांनी प्राचार्यांना विचारलं की यंत्र चुकलं तर कोणाच्या दारात जायचं. प्राचार्य भले माणूस होते. ते म्हणाले, कंपनीची हेल्पलाइन आहे ना. सरांनी आम्हाला वर्गात नेलं, फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि त्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी संगीत वाजलं. मग एक आवाज म्हणाला की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा संगीत. सर खुर्चीत हाताची घडी घालून बसून राहिले. आम्हालाही बसून राहावं लागलं. पोरं आधी हसली, मग कंटाळली, मग कुणीतरी त्या संगीतावर बाकाचा ठेका धरला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हाही संगीत वाजतच होतं. सर उठले. "आजचा विषय उत्तरदायित्व. शिकवून झाला," म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात यंत्राशेजारी एक खुर्ची आली. खुर्चीवर रोज एक प्राध्यापक बसू लागले आणि भिंतीवर पाटी लागली: यंत्राने ओळखले नाही तर इथे सांगा. खाली त्या दिवशीच्या प्राध्यापकांचं नाव. पाटी लागली त्या सकाळी यंत्रासमोर सगळ्यात आधी सर जाऊन उभे राहिले. हेल्मेट काढायला विसरले होते, म्हणून त्यांनाही लाल दिवा लागला. एवढं आनंदलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. "पाह्यलं? पाह्यलं?" म्हणत ते खुर्चीकडे गेले आणि रीतसर तक्रार सांगून हजेरी लावून घेतली.

आता ते निवृत्त झालेत. मी अमरावतीला पुढचं शिकते आहे. इथे आमचे प्राध्यापक 'नवतंत्रज्ञान, नियमन आणि लोकविश्वास' असे शब्द वापरतात. ते ऐकले की मला आमच्या गावच्या शाळेचं पटांगण दिसतं. मला सरांचा भयंकर राग आला तो तिथेच, आणि मला माझा आवाज सापडला तोही तिथेच.

आमचं गाव वणीपासून सायकलच्या अंतरावर आहे, म्हणजे सरांच्या सायकलच्या. मी वणीच्या कॉलेजात असताना एका वर्षी आमच्या वहिनीच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मंजूर झाला. वहिनी बारावी झालेली. ती नागपूरला राहून प्रशिक्षण घेऊन आली, परीक्षा पास झाली आणि तिला ड्रोन चालवायचा परवाना मिळाला. तिला तो का हवा होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आदल्या हंगामात दादा पाठीवर पंप घेऊन फवारता फवारता वावरातच कोसळला होता. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. डोळ्यांपुढे अंधारी येते, हात थरथरतात, असं तो तिथे सांगायचा आणि वहिनी त्याचा हात धरून बसायची. फवारणीत माणसं अशी आडवी होतात, हे आमच्या जिल्ह्याला नवं नाही. पण आपल्या घरातलं माणूस आडवं झालं की ते नवंच असतं. घरी आल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी तुमच्या पाठीवर पंप नाही."

ड्रोन आला. कृषी सहायकांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लावली. ती जशीच्या तशी मला अजून पाठ आहे: "गावच्या शिवारात मानवरहित हवाई यंत्रणेद्वारे फवारणीचे कार्य प्रस्तावित असून, सदर कालावधीत क्षेत्र मानवरहित ठेवणे बंधनकारक राहील."

आमच्याकडे 'क्षेत्र' हा शब्द शेताचा नाही, खाणीचा आहे. अमुक क्षेत्र, तमुक क्षेत्र, या क्षेत्राचा विस्तार, त्या क्षेत्राचं संपादन. आणि खाण यायच्या आधी वरून पाहणी होते, हे पोराटोरांना माहीत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कोळसा सापडला, विमानाने पाहणी होणार आणि गाव रिकामं करायला सांगितलं आहे. फवारणी हे निमित्त. आणि त्या विमानाची चावी आमच्या वहिनीकडे आहे.

सगळ्यात पुढे होते आमच्या शेजारच्या वावराचे काका. ते मूळचे इथले नाहीत. त्यांचं पहिलं गाव खाणीत गेलं. तिथून उठून ते इथे आले, जमीन घेतली, पुन्हा घर बांधलं. ते पारावर बसून म्हणायचे, "पयले वरून पाह्यतात, मंग खालून खोदतात. मी एकडाव पाह्यलं हाय." ग्रामसभा बोलावून ड्रोनला बंदी करायचा ठराव करायचं ठरलं. तसं झालं तर ड्रोन दुसऱ्या गावाच्या गटाला जाणार होता. पाती, म्हणजे कळ्या, लागलेल्या कापसावर अळी दिसू लागली होती. दादाने काही न बोलता माळ्यावरचा पंप खाली काढून धुवायला घेतला. वहिनीने तो धुताना पाहिला आणि ती आत जाऊन बसली.

मी सरांकडे गेले आणि गावातलं सगळं, काकांचं पारावरचं बोलणंसुद्धा, सांगितलं. त्यांनी सूचना माझ्याकडून म्हणवून घेतली, मग पुन्हा म्हणवून घेतली. मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "एकाच वाक्यात दोनदा मानवरहित! विमानातबी मानूस नाही, वावरातबी नाही, अन् लिहिणारातबी कोणी होता का नाही कोणास ठाऊक!"

मीही हसले आणि म्हणाले, "ते काका तं अडाणीच आहेत सर. कुठं फवारा अन् कुठं खाण."

सर एकदम थांबले. "त्या माणसाले अडाणी म्हणू नको. ज्याच्या वावरावरून एकदा विमान गेलं अन् मागून वावर गेलं, तो दुसऱ्या विमानाकडं पाहीनच. नाही पाह्यलं तर अडाणी."

मी खाली बघितलं. मग म्हणाले, "सर, तुमी या ना ग्रामसभेले. तुमी बोलले तं ऐकतील."

"येतो," ते म्हणाले.

आणि ते आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, डोक्यावर लाल हेल्मेट. शाळेच्या पटांगणात मांडव टाकला होता, एवढी गर्दी मी निवडणुकीतही पाहिली नव्हती. सरपंचबाईंनी सरांना ओळखलं, त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली. सर मांडवाबाहेर कुंपणाच्या भिंतीला टेकून बसले. "मी या गावचा मतदार नाही. ग्रामसभेत मले बोलाचा अधिकार नाही. तुमची परवानगी असन तं ऐकतो."

मी धावत त्यांच्याकडे गेले. मला रडू येत होतं. "सर, मंग आले कायले?"

"ऐकाले."

"अन् बोलन कोण?"

"तुह्यं नाव आहे ना मतदार यादीत?" सरांनी विचारलं आणि हेल्मेट मांडीवर ठेवलं. त्या क्षणी मला त्यांचा, त्यांच्या नियमांचा आणि त्यांच्या हेल्मेटचाही भयंकर राग आला.

सभा सुरू झाली. कृषी सहायक तरुण होते, घाबरलेले होते. ते म्हणाले, "हे शासनमान्य आहे. सगळ्या चाचण्या झाल्या आहेत. तुम्ही विश्वास ठेवा."

"ठेवलता," काका बसल्या जागेवरून म्हणाले. "मागच्या गावात ठेवलता. गाव गेलं, इश्वास अजून तठीच पडला हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृषी सहायकांनी घाम पुसला. मी बायकांच्या बाजूला उभी राहिले. खरं तर पाय आपोआप उभे राहिले आणि मग बसायची लाज वाटली.

"ते वाक्य," मी म्हणाले. "फळ्यावरचं वाक्य. मले सांगू द्या. मानवरहित विमान म्हणजे त्याच्यात कोणी बसत नाही. खालून चालवतात. अन् क्षेत्र मानवरहित म्हणजे, ज्या वावरात फवारा चालू आहे, त्या वावरात तेवढा वेळ कोणी जाचं नाही. औषध अंगावर पडू नये म्हणून. गाव रिकामं कराचं नाही."

पुढे बसलेल्या एका आजीने विचारलं, "गाव सोडाचं नाही?"

"नाही आजी."

"आत्ता माय! अन् मी पातळं, कुकर, सारं बांधून ठेवलं! लेकीलेबी कळवलं का येऊन राह्यली म्हनून!"

"आता जाच म्हातारे, लेक वाट पाह्यत असन," मागून कुणीतरी ओरडलं. सगळा मांडव हसला. मला वाटलं, जिंकलं.

काका हसले नाहीत. ते उभे राहिले. "पोरी, थ्या विमानाले क्यामेरा हाय का नाही?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. लोकांचं मन वळलं होतं, त्या भरात ते खपूनही गेलं असतं. वहिनी माझ्याकडे पाहत होती. "आहे," मी म्हणाले.

"त्यात वावर दिसते?"

"दिसते."

"ते कोनाकडं जाते?"

मी सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे पाहत होते. "मले माहीत नाही, काका," मी म्हणाले.

मांडवात एकदम गलका झाला. पाहा, म्हटलं नव्हतं, लपवून राह्यले. मला वाटलं, मी सगळं घालवलं. तेवढ्यात वहिनी उठली. वहिनी चारचौघात कधी मोठ्याने बोलत नाही. सासरच्या गावात, सासऱ्यांसमोर तर नाहीच. ती डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे आली.

"मले माहीत आहे. वावराचा नकाशा माह्या रिमोटमध्ये राह्यते. इंटरनेट चालू केलं तं कंपनीकडं जाते. तिथून पुढं कुठं जाते, हे मलेबी नाही माहीत. आमाले शिकवताना नाही सांगतलं." तिने काकांकडे पाहिलं. "पण इंटरनेट बंद ठेवून उडवता येते. मी बंद ठेवीन."

"अन् तू बंद ठेवलं का चालू, हे कोन पाह्यते?" काका म्हणाले.

"तुमी पाहा."

"मी?"

"हो काका, तुमीच. जवा जवा उडवीन तवा माह्या बाजूले उभे राहा. रिमोटवर कुठं पाहाचं ते मी दाखवते. चालू दिसलं तं तिथंच खाली उतरवीन." मग तिचा आवाज थोडा चढला. "माह्या नवऱ्याले तुमीच गाडीत घालून दवाखान्यात नेलतं. त्याची पाठ मले मोकळी पाह्यजे. काही चुकलं तं कंपनीच्या दारात जाऊ नका, हापिसाच्या दारात जाऊ नका. माह्या दारात या. दार तुमचं पाह्यलेलं आहे."

वहिनीने सरांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं वाक्य मी तिला कधी सांगितलंही नव्हतं. मी वळून पाहिलं तर सर भिंतीपासून सुटून ताठ बसले होते आणि त्यांनी हेल्मेट छातीशी धरलं होतं.

मग कृषी सहायक बोलले. खुर्ची सोडून, पहिल्यांदाच साधं. "माझ्याबी दारात या. नकाशा पुढं कुठं जातो ते मी वर विचारतो. उत्तर येईपर्यंत इंटरनेट बंद. अन् ती सूचना मी पुन्हा लिहितो. ही ताई सांगन तशी."

मग मात्र बोलणं वाहू लागलं. कुणी म्हणालं, आदल्या दिवशी कोतवालाने दवंडी द्यावी. कुणी म्हणालं, वावराच्या चारी कोपऱ्यांवर लाल झेंडे लावा, म्हणजे गुरं वळवता येतील. त्या आजी म्हणाल्या, विहिरीवर झाकण टाका. बंदी करायला जमलेली माणसं नियम करू लागली होती, आणि एकेक नियम झाला की आपोआप पुढे सरकून बसत होती.

ग्रामसेवक ठराव वाचू लागले. "सदर मानवरहित यंत्रणेस पुढील अटींवर..."

"थांबा," काका म्हणाले. "थे मानवरहित काढा."

"अहो, कायद्यातला शब्द आहे तो."

"असन. पन आपली सून उभी राहून चालवते, बाजूले मी उभा, मंग मानवरहित कसं? दोन मानसं तं हाय!"

ग्रामसेवक अडले. सरपंचबाई अडल्या. अख्खा मांडव भिंतीकडे वळला. सर उठले, हात वर केला, वर्गात आम्ही करायचो तसा. "सरपंचबाई, परवानगी असन तं एक सांगू?"

"बोला ना सर, कवापासून वाट पाह्यतो!"

"कायद्याचा शब्द खोडता येत नाही. पण त्याच्या पुढं लिहिता येते."

आणि तसं लिहिलं गेलं. आमच्या गावच्या ठरावात शब्द आहेत: 'मानवरहित यंत्रणा, जी गावची सून चालवील व गावचा माणूस पाहील.' वहिनीचं पूर्ण नाव, काकांचं पूर्ण नाव. हात वर करायला सांगितलं तेव्हा मी मोजायचा प्रयत्न केला आणि मला मोजता आलं नाही, कारण मधे सगळे हातच होते.

पहिली फवारणी आमच्या वावरात झाली. चार कोपऱ्यांवर झेंडे, धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, गाव. काकांनी आपला पांढरा दुपट्टा त्यांच्या बाजूच्या धुऱ्यावर पसरून ठेवला होता, औषध उडून येतं का पाहायला. मग ते वहिनीशेजारी जाऊन उभे राहिले, मान रिमोटमध्ये घातलेली. वहिनीच्या डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. "झेंड्याच्या मागं व्हा!" ती ओरडली आणि सरपंचबाईंसकट सगळे मागे सरकले. ड्रोन उठला. धूळ उडाली, कापसामधल्या तुरीची पानं उलटी झाली. तो वावराच्या टोकापर्यंत सरळ गेला, वळला, पुन्हा आला, आणि त्याच्या खाली औषधाचं बारीक धुकं कापसावर उतरत गेलं.

दादा धुऱ्यावर उभा होता. पाठ मोकळी. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कमरेवर ठेवायचा, सोडायचा, पुन्हा ठेवायचा. शेवटी त्याने मला जवळ ओढलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला.

ड्रोन उतरला. काका चालत गेले, दुपट्टा उचलला, उलटा केला, गालाला लावला.

"कोरडा हाय!" काका ओरडले आणि दुपट्टा डोक्याभोवती फिरवू लागले.

शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, आपली जोडी पुढे निघाल्यावर लोक ओरडतात, तसे ओरडले सगळे. त्यात सर सगळ्यात मोठ्याने. झेंड्याच्या मागे, अगदी रेषेवर उभे राहून दोन्ही हात वर करून ते नाचत होते. साठीला आलेला माणूस, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला. आयाबाया त्यांच्याकडे पाहून हसत होत्या आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

मग भांडण लागलं, पुढचा नंबर कोणाचा यावरून. माझ्या वावरात अळी जास्त, माझं वावर जवळ, मी ठरावाला पहिला हात वर केला होता. वहिनीने टोपी काढली, घाम पुसला आणि सांगितलं, "उद्या काकाचं वावर. बाकीच्याईनं ग्रामपंचायतीत नाव द्या." कुणी उलट बोललं नाही. माझे बाबासुद्धा मान हलवून गप्प बसले.

संध्याकाळी कोतवाल डफडं घेऊन निघाला. त्याला काय सांगायचं ते ठरवून दिलं होतं: वार, वेळ, वावर. चौकात आल्यावर त्याने ते सगळं बरोबर सांगितलं. मग डफड्यावर एक जोरात थाप मारली आणि मनाचं घातलं, "ऐका हो! उद्या सकाळी आपली सून इमान उडवून राह्यली हो! लेकराबाळाईले घेऊन पाहाले या! पन झेंड्याच्या मागं उभे राहा हो!"